शिट्टी, ओकारिना आणि ओबो: एन्नियो मॉरिकोने

दोनच स्वर, आलटून पालटून. ऐकताना कायोटीची, म्हणजे अमेरिकेतल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याची, कुई आठवते. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या १९६६ च्या चित्रपटात तिन्ही मुख्य पात्रांना हाच तुकडा दिलेला आहे. बदलतं ते फक्त वाद्य. ब्लाँडीला बासरी, एंजल आइजला ओकारिना (तोंडाने फुंकायचं छोटं, पोकळ वाद्य) आणि टुकोला चक्क माणसांचा आवाज. पात्र पडद्यावर नसलं तरी नुसत्या नादावरून ते कळतं.

हे संगीत देणारे इटालियन चित्रपटसंगीतकार एन्नियो मॉरिकोने यांचा जन्म रोमचा, १० नोव्हेंबर १९२८ चा. वडील ट्रम्पेट वाजवायचे. मुलानेही सांता चेचिलिया संगीत विद्यालयात आधी ट्रम्पेटची पदविका घेतली आणि मग गॉफ्रेदो पेत्रास्सी यांच्या हाताखाली रचनाशास्त्र पूर्ण केलं. पोटासाठी मात्र ते आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या इटालियन शाखेत गाण्यांचं अरेंजिंग करत, म्हणजे कोणतं वाद्य कुठे काय वाजवेल ते ठरवत. या कामाला तेव्हा फारशी प्रतिष्ठा नव्हती. त्यांची खरी ताकद मात्र तिथेच घडली.

शिट्टी, ओकारिना, मोरचंग यांचा आवाज मुळात बारीक. सभागृहात ब्रासच्या, म्हणजे पितळी फुंकवाद्यांच्या, ताफ्यापुढे तो विरून जातो. स्टुडिओत त्याच शिट्टीला जवळचा मायक्रोफोन दिला, की अख्खा वाद्यवृंद तिच्या मागे उभा राहतो. १९६४ च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'कडे मोठ्या वाद्यवृंदासाठी पैसा नव्हता. मॉरिकोने यांनी आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनी यांची शिट्टी पुढे आणली आणि सोबत गिटार, चाबूक, घंटा असे नाद बसवले.

त्या काळच्या मुंबईत संगीतकार चाल बांधायचा आणि वाद्यमेळाचं नोटेशन बहुतेकदा गोव्याहून आलेले अरेंजर लिहायचे. हॉलिवूडमध्येही वाद्यवृंदाचं लेखन करणारा ऑर्केस्ट्रेटर वेगळा असे. मॉरिकोने यांना ही वाटणी मान्य नव्हती. प्रत्येक वाद्याची ओळ ते स्वतः लिहीत, तीही पियानोवर न बसता, थेट कागदावर.

चित्रपटाचं संगीत बहुधा संकलनानंतर होतं. दृश्याचे सेकंद आधीच ठरलेले, त्यात धून कोंबायची. मग ती ऐन भरात येते आणि शॉट संपतो. १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'साठी दिग्दर्शक सेर्जिओ लेओने यांनी क्रम उलटा केला. मुख्य धून आधी ध्वनिमुद्रित केल्या आणि चित्रीकरणाच्या वेळी सेटवर वाजवल्या. हे जमलं, कारण इटलीत तेव्हा आवाज नंतर डब होत. सेटवरच्या गोंगाटाने काही बिघडत नसे. नायिका क्लाउडिया कार्डिनाले स्टेशनच्या इमारतीत शिरते, क्रेनवरचा कॅमेरा छतावरून वर चढतो आणि गायिका एद्दा देल्लोर्सो यांच्या शब्दांविना गाण्यामागे वाद्यवृंद उसळतो. चढ कॅमेऱ्याचा आणि चढ संगीताचा, दोन्ही एकाच वेळी.

१९८६ च्या 'द मिशन'मध्ये अडचण उलटी होती. चित्रीकरण झालेलं. अभिनेते जेरेमी आयर्न्स ओबो हे लाकडी फुंकवाद्य वाजवताना दिसतात, तेव्हा धून त्यांच्या बोटांच्या हालचालींशी जुळायला हवी. शिवाय काळ अठराव्या शतकाचा, म्हणून स्वरांवर त्या काळची अलंकरणं. दुसरा धागा चर्चमधल्या समूहगानाचा, तिसरा दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या तालाचा. तिन्ही आधी सुटे ऐकवायचे आणि शेवटी एकावर एक रचायचे. एकाही ओळीचा स्वर किंवा लय दुसरीत अडखळली असती, तर नुसता गोंधळ उरला असता. यातली 'ऑन अर्थ अ‍ॅज इट इज इन हेवन' ही रचना हेडफोन लावून ऐका, तिन्ही धागे वेगळे काढता येतात. या संगीताला ऑस्कर मिळालं नाही, हे आजही पटत नाही.

साठच्या दशकातल्या अनेक ध्वनिमुद्रणांत वाद्यवृंदाचं संचालन ब्रुनो निकोलाई करत. म्हणजे रचनाकाराला काचेपलीकडे बसून वाद्यांचा तोल ऐकता येई. पुढे मॉरिकोने यांनी स्वतःच बॅटन हाती घेतलं आणि उतारवयात जगभर मैफिली केल्या.

२००७ मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळालं. स्पर्धेतलं ऑस्कर २०१६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, 'द हेटफुल एट'साठी. ते ध्वनिमुद्रण प्रागमध्ये चेक नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत झालं, संचालन त्यांचंच. बर्फाच्या वादळात अडकलेल्या प्रवाशांच्या त्या कथेच्या संगीतात शिट्टी पुढे नाही. मुख्य धून त्यांनी 'बसून' (bassoon) या वाद्याला दिली, लाकडी फुंकवाद्यांतल्या सर्वांत खर्जातल्या घराण्याला. ६ जुलै २०२० रोजी रोममध्येच त्यांचं निधन झालं.