सपाट अंगणात उभे ठोकळे

नमस्कार मंडळी, आज कॅमेरा थेट अंगणातच आणलाय. सडा-सारवण सकाळीच झालं, अजून जरासं ओलं आहे म्हणून मी कडेलाच बसते. आणि हे मधोमध ठोकळे रचल्यासारखे दिसून राहिले ना, यावर हात ठेवला तर काहीच नाही, जमीन सपाट. रांगोळी आहे ही.

याला टेसलेशन म्हणतात, म्हणजे फरशीसारखं एकाला एक लावून फट न ठेवता जागा भरायची. सगळ्या बाजू न् कोपरे सारखे असलेला एकच आकार वापरायचा तर तीनच जमतात, त्रिकोण, चौरस आणि षटकोन. पंचकोन काऊन नाही? त्याचा कोपरा 108 अंशाचा, तीन जोडले की 324, 36 अंशाची फट उरते न् तिच्यात चौथा मावत नाही. षटकोनाचे तीन कोपरे मात्र 120 च्या हिशेबानं बरोबर 360.

आता ठिपके. पऱ्हाटीची 10 सेंटीमीटरची काडी तोडून घेतली, तेच माप. ठिपक्यांची एक उभी रांग, शेजारची रांग अर्ध्या काडीनं खाली सरकवलेली, दोन रांगांत अंतर पावणेनऊ सेंटीमीटरच्या आसपास. एका ठिपक्याभोवती सहा ठिपके येतात ते जोडा, झाला षटकोन. मग मधल्या ठिपक्यापासून तीन रेघा, एक सरळ खाली, दोन वर डावी-उजवीकडे. तीन समभुज चौकोन पडले पाहा. पुढचा षटकोन याच्याच बाजूला चिकटवायचा.

पण एवढ्यानं ठोकळा उठत नाही, तो उठतो रंगानं. वरचा भाग पांढऱ्या रांगोळीनं भरा, डावा गेरूनं, आणि उजवा भरूच नका, सारवलेली जमीन तशीच सोडा, तीच सावली. मला हे फार आवडतं, शेणाचा तो गडद हिरवट रंगच कामी येतो. फक्त क्रम मोडू नका हं. काल मी एका ओळीत गेरू चुकून उजवीकडं भरत गेली, तर ती अख्खी ओळ लोळली, पुसून परत सारवावं लागलं.

इटलीतलं पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तिथल्या हाऊस ऑफ द फॉन या घरात हाच नमुना तीन रंगांच्या दगडी तुकड्यांत बसवलेला आहे.

थांबा, आतापर्यंत ओसरीतून पाहिलं, आता उलट बाजूनं, फाटकाकडून दाखवते. इथूनही ठोकळे उभेच, पांढरं झाकण वरच. पण ओसरीतून जिथं ठोकळ्याचं पुढं आलेलं टोक दिसत होतं ना, इथून तिथंच तीन ठोकळ्यांमधला खोल कोपरा दिसून राहिला. ठिपका तोच आहे, मी पऱ्हाटीची काडी ठेवून दाखवते, पाहा.