अंड्यातले पाणी आणि संप्रेरकांचा हुकूम

(परभणी येथे पशुविज्ञानाचे विद्यार्थी व कुक्कुटपालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, माझी आजी खुडूक कोंबडीखालचे अंडे ८-९ दिवसांनी कंदिलासमोर धरून पाहत असे. आत लाल शिरांची जाळी दिसली तर अंडे परत टोपलीत जाई, नाही तर ‘हे वाया गेलं’ म्हणून बाजूला पडे. त्या जाळीचा बराचसा भाग अपरापोषिका नावाच्या पिशवीवर पसरलेला असतो. आज मी त्या पिशवीतल्या द्रवाविषयी, तिच्या शेजारी गर्भाला वेढून असलेल्या गर्भजलाविषयी आणि गर्भातल्या साखरेचा कारभार पाहणाऱ्या संप्रेरकांविषयी (हार्मोन्सविषयी) बोलणार आहे.

गर्भजलात उबवणीच्या साधारण १२ व्या दिवसापासून अंड्याचा पांढरा बलक उतरू लागतो आणि गर्भ ते प्रथिनयुक्त पाणी गिळतो. अपरापोषिकेत गर्भाने टाकून दिलेले युरिक आम्ल साठते. पण तिच्याच भित्तिकेतून सोडियम पुन्हा रक्तात ओढले जाते, त्यामागोमाग पाणीही परत जाते, आणि उबवणीच्या शेवटच्या आठवड्यात हा साठा आटत जातो. पाण्याला बाहेरची आवक नसेल तर सांडपाण्याचीही किंमत कळते, हे मराठवाड्यात वेगळे सांगायला नको.

संप्रेरकांचा खरा कारभार मात्र साखरेत दिसतो. अंड्यात कर्बोदके १ टक्क्याहूनही कमी असतात. तरीही कवच फोडण्याच्या वेळी, म्हणजे प्राणवायू अपुरा आणि स्नायूंचे काम जबर असताना, पिलाला ग्लुकोज लागतेच, कारण पिवळ्या बलकातली भरपूर चरबी जाळायला तेवढा प्राणवायू नसतो. ही साखर गर्भाला आधीच तयार करून यकृतात ग्लायकोजेनच्या (साठवणीच्या साखरेच्या) रूपाने साठवावी लागते, आणि गिळलेल्या प्रथिनांतली अमिनो आम्ले हा तिचा एक कच्चा माल असतो. मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीचे कॉर्टिकोस्टेरोन हे संप्रेरक अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवण्यास चालना देते, स्वादुपिंडाचे ग्लुकागॉन यकृतातला साठा मोकळा करते, तर इन्सुलिन रक्तातली साखर उतरवते. म्हणूनच अंड्यात संप्रेरक टोचून प्रयोग करणाऱ्याने नुसते रक्त तपासून थांबू नये. गर्भजल आणि अपरापोषिकेतला द्रव वेगवेगळा काढून मोजला, तरच पोषकद्रव्य कोठून निघाले आणि कोठे गेले याचा माग लागतो. दोन्ही द्रव एकत्र करून मोजणे म्हणजे विहीर आणि गटार यांचे पाणी एकाच बादलीत भरून चव पाहणे होय.

याच ज्ञानाच्या आधारे झेहावा युनी आणि पीटर फर्केट या संशोधकांनी उबवणीच्या १७-१८ व्या दिवशी गर्भजलात पोषक द्रावण टोचण्याची पद्धत विकसित केली. तिचे अमेरिकी पेटंट २००३ मधले आहे. पिलू ते द्रावण गिळते आणि बाहेर येण्यापूर्वीच त्याच्या आतड्याला खाद्य पचवण्याची सवय लागू लागते. सुईच्या टोकाची जागा मात्र नेमकी हवी, कारण अपरापोषिकेत पडलेले द्रावण पिलाच्या तोंडाशी पोहोचत नाही.