जात्यांची फरशी

(दृश्य: दगडी दालन. कॅमेरा हळूहळू फरशीवर उतरतो.)

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. तिथल्या मठातल्या एका दालनाची फरशी चौदाव्या शतकात चक्क जात्यांची होती. हातानं फिरवायची, घराघरातली जाती. ती तिथे कशी आली, ते पुढे सांगतोच. त्याआधी जेवून घेऊ.

इंग्लंडमधल्या कुळाच्या घरी चुलीवर एकच भांडं असायचं. त्यात वाटाणे, घेवड्याच्या जातीचे दाणे, कोबी, कांदा आणि मूठभर जव घालायचे. हे सगळं तासन्‌तास रटरटत शिजायचं. याला म्हणायचे पॉटेज. सोबत जवाची किंवा राय नावाच्या धान्याची काळसर, जड भाकर. डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा पडला, तर दिवस बरा गेला म्हणायचं. बटाटा, टोमॅटो तर अजून युरोपात पोचलेच नव्हते. प्यायला एल, म्हणजे जवाची बिअर. ती बहुतेक घरातल्या बायकाच गाळायच्या.

आता सरदाराचं ताट. ताट कसलं, शिळ्या पावाची जाड चकतीच. रस्सा तिच्यात मुरायचा आणि जेवण झालं की ती गोरगरिबांना वाटायची. खायला मात्र बारीक चाळलेल्या गव्हाचा पांढरा पाव, हरणाचं मांस, हंस, फ्रान्समधल्या गॅस्कनीची वाइन आणि मिरी. मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत तिथे जायची, त्यामुळे तिचा भाव विचारायलाच नको. उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य. मग सरदारघरी मासे, तेही नाना प्रकारचे. कुळाकडे उपास वेगळा पाळायची फारशी गरज नव्हती.

(दृश्य: आठ बैलांचा नांगर, चिखलात रुतलेला.)

कुळाला स्वतःची पट्टी कसायची असे, पण त्याआधी मालकाची. आठवड्यातले दोन-तीन दिवस वेठ. एक दाणा पेरला तर चारेक दाणे हाती यायचे, आणि त्यातला एक पुढच्या पेरणीला ठेवायचा. १३१५ साली पाऊस थांबलाच नाही, तेव्हा हा हिशेब कोलमडला आणि माणसं उपासमारीनं मेली.

कापणीला मालक जादा दिवस मागायचा. या दिवसांची नावंच पाहा. ‘एलबेड्रिप’ म्हणजे सोबत एल मिळणार. ‘वॉटरबेड्रिप’ म्हणजे पाण्यावर भागवा. आणि ‘हंगरबेड्रिप’? जेवण नाही, नुसती कापणी. त्या काळातल्या कुळांच्या पोटाबद्दल यापेक्षा सरळ दस्तऐवज मला तरी माहीत नाही.

सरदारही रिकामा नव्हता. शिकार, शस्त्रांचा सराव, न्यायनिवाडा, लढाई. पण नांगराला त्याचा हात लागत नसे.

(दृश्य: पुन्हा फरशी.)

आता जाती. धान्य दळायचं ते मालकाच्याच गिरणीत, आणि दळणातला वाटा तिथेच ठेवून यायचा, असा दंडक होता. लोक घरी गुपचूप दळायचे. सेंट ऑल्बन्सचा मालक होता मठ, आणि १३३० च्या दशकात त्याचा मठाधिपती होता रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड. त्याने ग्रह-ताऱ्यांची गती दाखवणारं अजब घड्याळ रचलं. मोठा गणिती माणूस. त्यानेच कुळांची जाती जप्त केली आणि मठात फरशी म्हणून बसवली. आपल्या भाकरीवरचा हक्क रोज कुणाच्या तरी पायाखाली!

१३४८ ची प्लेग आली. मजूर कमी झाले, मजुरी वाढली, हळूहळू ताटात गहू आणि मांसही दिसू लागलं. १३५१ मध्ये मजुरी गोठवणारा कायदा आला, त्याचा राग साठत गेला.

जून १३८१. बंड पेटलं. सेंट ऑल्बन्सची माणसं मठात घुसली. त्यांनी फरशी उखडली, जाती फोडली, आणि रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेला पाव वाटतात तसे त्या दगडांचे तुकडे आपसांत वाटून घेतले.