ट्राममधले बाकीचे प्रवासी

मित्रहो, आत्ता पाहिलेला ‘श्वार्त्सफारर’ (म्हणजे विनातिकीट प्रवासी; शब्दशः ‘काळा प्रवासी’) हा पेपे डान्क्वार्ट यांचा १९९३चा जर्मन लघुपट. जेमतेम बारा मिनिटांचा, कृष्णधवल. १९९४ साली त्याला ऑस्कर मिळालं.

तिकीट तपासनीस येतो आणि तो कृष्णवर्णीय तरुण शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या हातातलं तिकीट ओढून तोंडात टाकतो, तेव्हा सभागृहात मोठा हशा पिकला. पिकणारच. पण मला बोलायचंय ते त्याआधीच्या मिनिटांबद्दल.

बाई आरडाओरडा करत नाहीत, हे लक्षात घ्या. भाजीच्या महागाईबद्दल बोलावं तितक्या सहज त्या बोलत राहतात. हे लोक इथे येतात कशाला, आमच्या पैशांवर जगतात, यांना वास येतो, रोग आणतात. तो तरुण शेजारीच बसलाय, सगळं ऐकतोय. डब्यात माणसं भरलेली आहेत. कुणी खिडकीबाहेर बघतं, कुणी नजर चुकवतं. बाईंना थांबवत कुणीच नाही.

ही बर्लिनची ट्राम आहे आणि काळ आहे जर्मनीच्या एकीकरणानंतरचा. सप्टेंबर १९९१ मध्ये होयर्सवेर्डात परदेशी कामगारांच्या आणि आश्रय मागणाऱ्यांच्या घरांवर हल्ले झाले. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉकच्या लिख्टनहागन वस्तीत व्हिएतनामी कामगार राहत होते त्या इमारतीवर पेट्रोलबॉम्ब पडले. आत माणसं अडकलेली असताना खाली जमलेले शेजारीपाजारी टाळ्या वाजवत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात म्योल्नला तुर्की कुटुंबांची घरं पेटवली, तिघी गेल्या. मे १९९३ मध्ये झोलिंगनला पाच जणी. त्यांत लहान मुली होत्या. अशा काळात डान्क्वार्ट यांनी कॅमेरा आग लावणाऱ्यांकडे न नेता ट्रामच्या बाकांवर नेला. दिग्दर्शक म्हणून त्यांचं मोठेपण मला इथेच दिसतं.

आता पुन्हा त्या तिकिटाकडे या. ‘यानं माझं तिकीट खाल्लं’ असं बाई सांगतात, ते शंभर टक्के खरं आहे. सगळ्या डब्यानं पाहिलंय. तरी कुणी साक्ष देत नाही. इतका वेळ ज्या गप्प बसण्याच्या आधारावर त्या बोलत होत्या, ते आता त्यांच्यावरच उलटतं. प्रवासी मात्र तसूभरही बदललेले नाहीत. आधी अन्याय होत होता तेव्हा ते गप्प होते, आता खरं सांगायची वेळ आली तेव्हाही गप्पच. त्या तरुणाची बाजू त्यांनी एकदाही घेतलेली नाही. हसताना आपण हे विसरतो, आणि माझ्या मते या चित्रपटाचं सगळ्यात बोचरं अंग तेच आहे.

आणखी एक. तो तरुण सुटतो, कारण त्याच्याकडे पास आहे. आपण कायदेशीर आहोत याचा कागद तो लगेच काढून दाखवतो. नसता तर? त्याच ट्राममध्ये खरोखर विनातिकीट बसलेला एक गोरा तरुण आहे, मोटरसायकल सुरू झाली नाही म्हणून चढलेला. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही, आणि गडबडीत तो अलगद सुटतो.

चर्चेला इथूनच सुरुवात करूया. त्या डब्यात पहिलं वाक्य कुणी, कधी बोलायला हवं होतं?