ओल्या हवेचा हिशेब

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोलीपासून महापेपर्यंत उभ्या असलेल्या काचेच्या कार्यालयीन इमारतींना उघडता येतील अशा खिडक्या सहसा नसतात. आत बसणाऱ्या माणसांना लागणारी सगळी हवा यंत्रांतून येते, आणि ती किती थंड, किती कोरडी, किती ताजी असावी याचा निर्णय दिवसभर घेत राहते ती बीएमएस, म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम.

या व्यवस्थेचा गाभा तसा साधा आहे. चिलर पाणी सुमारे 7 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतो, ते पाणी प्रत्येक मजल्यावरच्या एएचयूच्या (हवा गार करून खोल्यांकडे ढकलणाऱ्या पंखा-पेटीच्या) कॉइलमधून, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यातून, फिरते आणि हवेतली उष्णता घेऊन साधारण 12 अंशांवर परतते, आणि ती उष्णता गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून बाहेर सोडली जाते. बीएमएसचा कंट्रोलर सेन्सरने कळवलेला आकडा ठरवून दिलेल्या आकड्याशी, म्हणजे सेटपॉइंटशी, ताडून पाहतो आणि त्यानुसार पाण्याचा व्हॉल्व थोडा उघडतो किंवा मिटतो. तो सेन्सर पुष्कळदा खोल्यांतून परतणाऱ्या हवेच्या मार्गात, डक्टमध्ये, बसवलेला असतो, त्यामुळे खोलीत कोण कुडकुडते आहे आणि कोणाला घाम फुटला आहे, याचा कंट्रोलरला पत्ता नसतो.

खोलीच्या तापमानावर यंत्राने नजर ठेवण्याची कल्पना थंड प्रदेशातली आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शिकवणाऱ्या वॉरन जॉन्सन यांनी 1883 साली विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले, ते वर्ग उबदार ठेवण्यासाठी. नवी मुंबईला जवळचा वाटावा असा प्रश्न मात्र 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात उभा राहिला होता. दमट हवेने कागद फुगे, आखडे, आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत. त्यावर विलिस कॅरिअर यांनी जी यंत्रणा आखली तिचे पहिले काम हवेतले पाणी आवरणे हे होते, आणि आज एसी म्हटले की फक्त गारवा आठवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे.

जुलै महिन्यात खाडीवरून येणाऱ्या हवेच्या एका किलोत सुमारे 20 ग्रॅम बाष्प असते. खोलीत 24 अंश तापमान आणि 55 टक्के आर्द्रता हवी असेल, तर ते प्रमाण 10 ग्रॅमच्या आसपास आणावे लागते. तासाला 10,000 घनमीटर ताजी हवा आत घेणाऱ्या इमारतीच्या बाबतीत याचा अर्थ असा की दर तासाला शंभर लिटरहून अधिक पाणी हवेतून पिळून काढावे लागते. एएचयूचे दार उघडले की हे पाणी डोळ्यांनी दिसते: कॉइलच्या पातळ पत्र्यांवरून ओघळणारे थेंब खालच्या ट्रेमध्ये जमतात आणि यू आकाराच्या वळणातून नळीवाटे मोरीकडे जातात. ही नळी शेवाळाने तुंबली, की खालच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगवर पिवळा डाग उमटतो.

खरी अडचण यापुढे येते. मे महिन्यात ऊन कडक असल्यामुळे व्हॉल्व दिवसभर उघडा राहतो आणि हवा गार होता होता कोरडीही होते. पावसाची झड लागली की बाहेरचे तापमान 26 अंशांवर उतरते, खोली लवकर गार होते, आणि फक्त तापमान पाहणारा कंट्रोलर आपले काम झाले असे समजून व्हॉल्व मिटतो. बाष्प मात्र तेवढेच आत येत राहते. पडद्यावर 24 अंश दिसत असतात आणि मजल्यावरून तक्रार येते की चिकचिक होते आहे, प्रिंटरमधला कागद अडकतो आहे. मग ऑपरेटर सेटपॉइंट 21 वर आणतो, आणि माणसे दमट हवेतच शाल पांघरून बसतात.

वीज वाचवण्यासाठी चिलरचे पाणी 7 ऐवजी 10 अंशांवर ठेवण्याचा सल्ला असाच अंगलट येतो. कोरड्या हवेच्या गावात तो चांगला आहे. इथे पावसाळ्यात कॉइल पुरेशी गार राहत नाही आणि पाणी हवेतच राहते. त्यापेक्षा कॉइलमधून निघणारी हवा 13 अंशांच्या आसपास कायम ठेवावी आणि गरज कमी झाली की पंखा मंद करावा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे वेग 80 टक्क्यांवर आणला की तत्त्वतः वीज जवळपास निम्म्यावर येते, आणि हवा कॉइलवर जास्त वेळ रेंगाळल्याने कोरडीही अधिक होते.

ताज्या हवेचा डॅम्पर, म्हणजे ती कमी-जास्त आत घेणारी झडप, कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरवर चालवला, तर रिकाम्या मजल्यासाठी उगाच ओली हवा आत घ्यावी लागत नाही. मात्र तो पुरता मिटून चालत नाही. स्वच्छतागृहांचे एक्झॉस्ट पंखे चालूच असतात, आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा कमी पडली की इमारत दारांच्या फटींतून बाहेरची दमट हवा ओढू लागते, आणि ही हवा कॉइलवरून न जाता थेट खोलीत शिरते.

हिवाळाच नसलेल्या या शहरात हवा तापवण्याची सोयही लागते, यावर विश्वास बसणे कठीण. शस्त्रक्रियागृहात किंवा औषधांच्या प्रयोगशाळेत हवा आधी कोरडी होईपर्यंत गार करतात आणि मग हवी तेवढी पुन्हा कोमट करतात. त्यासाठी विजेचा हीटर लावणे म्हणजे एकाच हवेसाठी दोनदा वीज मोजणे. चिलर जी उष्णता बाहेर फेकतो तीच इथे वापरता येते.

हे सारे ज्या सेन्सरवर उभे आहे तो आर्द्रतेचा सेन्सर खाऱ्या, धुळीच्या हवेत हळूहळू चुकीचा आकडा दाखवू लागतो, आणि चुकतो आहे असे स्वतः सांगत नाही. म्हणून पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, ओल्या आणि कोरड्या पाऱ्याचा हातात फिरवायचा सायक्रोमीटर घेऊन प्रत्येक सेन्सरचा आकडा पडताळून पाहावा लागतो. त्याच फेरीत पॅनेलवरचे स्विचही पाहायचे असतात, कारण एखाद्या तक्रारीच्या दिवशी ‘हँड’वर, म्हणजे हाताने चालवण्यावर, टाकलेला पंख्याचा स्विच पुन्हा ‘ऑटो’वर आणायचा राहून गेला असेल, तर बीएमएसने दिलेला कोणताही आदेश त्या पंख्यापर्यंत पोहोचत नाही.