करार होईल, पण ग्रामसभेच्या अटींवर

(दृश्य: गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका. बांबूचं रान.)

मेंढा लेखा. गोंड आदिवासींचं गाव. 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. हक्काचा कागद आला, पण बांबू विकता येईना. माल गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक होतं वनखात्याकडे. ते ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडला. पुढे 2012 च्या नियम दुरुस्तीने हा अधिकार ग्रामसभेच्याच समितीकडे दिला.

हे पुस्तक किती मोलाचं आहे, ते व्यवहारात उतरल्यावर कळतं. ठेकेदाराने जेवढ्या मालाचे पैसे भरले, तेवढ्याच मालाचा परवाना फाडायचा. उरलेला माल गावातच थांबतो. जिथे पूर्ण पुस्तकावर आधीच सह्या करून ठेवलेल्या असतात, तिथे ट्रक निघून जातो आणि वसुलीसाठी ग्रामसभेला पावसाळाभर हेलपाटे घालावे लागतात.

हक्क मिळालेल्या गावांकडे आता बरेच जण येतात. स्वयंसेवी संस्था, विद्यापीठं, कंपन्या, सरकारी खाती. कुणाला रोपं लावायची असतात, कुणाला गाणी ध्वनिमुद्रित करायची असतात, कुणाला औषधी वनस्पतींची यादी हवी असते. यातलं बरंचसं गावाच्या उपयोगाचं असतं. मात्र जंगलाचा गावाने केलेला आराखडा आधी आणि भागीदार नंतर, हा क्रम उलटला की गावाचं जंगल दुसऱ्याच्या प्रकल्पाप्रमाणे चालायला लागतं.

(दृश्य: हद्दीवरून चालणारे गावकरी, हातात जीपीएस.)

सुरुवात हद्दीपासून. सामूहिक वनसंपत्तीचा दावा 'क' नमुन्यात भरतात. हद्द चालायची ती शेजारच्या गावांची माणसं सोबत घेऊन, आणि नाला, टेकडी, पाणवठा यांची नावं गावात बोलतात तशीच नकाशावर लिहायची. शेजाऱ्यांना न बोलावता काढलेला नकाशा उपविभागीय समितीत हमखास अडकतो, कारण तोच पट्टा दुसऱ्या गावानेही दाखवलेला असतो. हक्कपत्र हातात पडलं की कक्ष क्रमांक (वनखात्याच्या नोंदीतला जंगलाच्या तुकड्याचा आकडा) आणि क्षेत्र तिथल्या तिथे ताडून पाहावं. मागितलं त्यापेक्षा क्षेत्र कमी लिहिलेलं असेल, तर मुदतीच्या आत वरच्या समितीकडे दाद मागावी.

दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. त्यात म्हाताऱ्या माणसांचे जबाब चालतात, जुन्या विहिरी चालतात, स्मशानभूमी आणि देवस्थानंही चालतात. म्हणजे पेनठाणा, गोंडांच्या देवाची (पेनाची) जागा, हा श्रद्धेचा विषय आहेच, शिवाय तो कायद्यातला पुरावाही आहे. पुरावा म्हणून जागा दाखवली, याचा अर्थ तिचे अक्षांश-रेखांश प्रत्येक भागीदाराच्या संगणकात गेले पाहिजेत असा होत नाही. दोन नकाशे करावेत. एक दाव्याचा. दुसरा कामाचा, ज्यात देवाची जागा नेमकी न दाखवता आजूबाजूचा मोठा तुकडा 'इथे काम नाही' असा रंगवलेला असतो.

आता जंगलाची मोजणी. 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद असे चौकोन जंगलाच्या प्रत्येक प्रकारात आखायचे. उताराला वेगळे, नाल्याकाठी वेगळे, गावालगत वेगळे. प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजायचा. लहान रोपं वेगळी मोजायची, कारण जंगलाचं उद्याचं चित्र त्यांच्यात दिसतं. मोठे मोह उभे आहेत आणि खाली एकही रोप नाही, असं दिसलं तर आगीचं किंवा चराईचं कारण शोधावं. चौकोनाच्या कोपऱ्यांवर दगड पुरून रंग लावावा. पुढच्या वर्षी तोच चौकोन, त्याच महिन्यात. सोपे म्हणून रस्त्याकडेचे चौकोन निवडले की आकडे फसवतात. रस्त्याजवळ तोड जास्त असते.

बांबूचं गणित वेगळं आहे. यंदाचा कोंब आणि गेल्या वर्षीची काठी तोडायची नाही. नवे कोंब त्यांच्याच आधाराने वाढतात. तोड जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या गाठीला लागून करावी. पोकळ नळी उघडी राहिली तर त्यात पाणी साचून खुंट कुजतो. बेटात घोड्याच्या नालेसारखी वाट करून आतल्या जुन्या काठ्या काढायच्या. मजूर घाईत असला की कडेच्या काठ्या तोडतो. त्या कोवळ्या असतात आणि हाताशी येतात. दोन-तीन हंगाम असं झालं की बेट आतल्या आत गच्च होतं आणि कोंब वाकडे निघतात. त्यामुळे नुसत्या नगावर मजुरी ठेवू नये. काठीचं वय तपासणारा माणूस गावाचाच असावा.

(दृश्य: तेंदूपत्ता फळी, म्हणजे विडीची पानं गोळा करायची जागा. पुडक्यांच्या रांगा.)

तेंदूचा हंगाम छोटा, एप्रिल-मे. 70 पानांचं एक पुडकं आणि 1000 पुडक्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर ठेकेदाराचा मुन्शी मोजतो आणि खराब म्हणून पुडकी बाजूला काढतो. ग्रामसभेची स्वतःची वही त्याच फळीवर, त्याच संध्याकाळी लिहिली गेली नाही, तर नंतरच्या भांडणात पुरावा कुठून आणणार? आणखी एक धोका म्हणजे आग. कोवळी पानं यावीत म्हणून झुडपं छाटली जातात आणि काही ठिकाणी वणवे लावले जातात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने याच कारणासाठी तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, कमाईचा भार बांबूवर घेतला आणि जंगलाचा एक भाग देवराई म्हणून राखला. प्रत्येक गावाला हे जमेल असं नाही. पाचगावकडे विकायला बांबू होता.

लिलावात एकट्या गावाचं फारसं चालत नाही. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी म्हणूनच महाग्रामसभा, म्हणजे अनेक ग्रामसभांची मिळून एक सभा, उभी केली. अनेक गावांची पानं एकत्र लिलावात आली की ठेकेदाराला दर पाडता येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने वेगळी वाट धरली: जंगल राखलं, सीताफळं विकली. 2014 मध्ये या गावाला जैवविविधता पुरस्कार मिळाला.

(दृश्य: ग्रामसभा. बायका पुढे बसलेल्या.)

भागीदारीचा ठराव कसा व्हावा? वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. बाहेरच्या संस्थेशी करार करतानाही हीच अट पाळावी. घरोघरी वही फिरवून गोळा केलेल्या सह्या म्हणजे ग्रामसभा नव्हे. मेंढा लेखात निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात विषय फोडला जातो. वेळ लागतो खरा, पण नंतरची भांडणं वाचतात.

करार मराठीत असावा, आणि सभेत गोंडीतून किंवा माडियातून समजावून सांगावा. पैसे कोणत्या खात्यात येणार हे पहिल्याच पानावर हवं. गटग्रामपंचायतीत चार गावं असतात. पैसा पंचायतीच्या खात्यात गेला की एका गावाचा बांबू आणि दुसऱ्याच गावाचा रस्ता, असं होतं. खातं ग्रामसभेच्या नावाने, सह्या तिघांच्या, त्यात एक बाई. हिशेब दर महिन्याला सभेत मोठ्याने वाचायचा.

ज्ञानाच्या बाबतीत सर्वात जास्त ढिलाई होते. जैवविविधता कायदा 2002 सालचा आहे आणि त्याखाली लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या सजीवांची आणि त्यांच्याबद्दलच्या ज्ञानाची वही, करायची असते. पुष्कळ ठिकाणी ती तालुक्याला बसून, शेजारच्या गावाची उतरवून काढली जाते. आणि जिथे मनापासून केली जाते, तिथे वैदूचं औषध पानोपानी छापून मोकळं होतं. नोंदवहीचे दोन भाग करावेत. झाडं, पक्षी, पिकांची वाणं खुल्या भागात. कोणती मुळी कशावर, किती आणि कशी, हे बंद भागात, ग्रामसभेच्या ताब्यात. वनहक्क कायदा पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मानतो, तेव्हा मागणाऱ्याने लेखी मागावं.

गाणी, कथा, पूजाविधी यांच्या ध्वनिमुद्रणाला गाणाऱ्याची संमती लागतेच, पण ती पुरेशी नसते. पेनाची गाणी कुळाची असतात. गायता (गावाचा पुजारी) आणि कुळातली जाणती माणसं 'हे नको' म्हणाली तर यंत्र बंद. संमती पुढे कधीही मागे घेता येईल, हे वाक्य करारात लिहावं. ओडिशात नियमगिरी डोंगरातल्या खाणीबद्दल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारायला सांगितलं, त्यात धार्मिक-सांस्कृतिक हक्कांचाही प्रश्न होता. बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण थांबली. देवाचा डोंगर कुठवर आहे, हे गावाच्या कागदात आधीच नीट नोंदलेलं असलं तर अशा वेळी कामाला येतं.

शेवटचं कलम भागीदार जाण्याचं. मुदत तीन वर्षांहून जास्त ठेवू नये. मुदतवाढ आपोआप नको, नव्या ठरावाने व्हावी. मोजणीसाठी संस्थेने नेमलेल्या मुलांचं मानधन प्रकल्पासोबत बंद होतं आणि मोजणीही थांबते. त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून त्यातला काही वाटा ग्रामसभेच्या बांबूच्या पैशातून द्यायला सुरुवात करावी. सगळी छायाचित्रं, ध्वनिफिती आणि मोजणीचे तक्ते गावात ठेवूनच शेवटचा हप्ता पुरा झाला असं धरावं. नकाशाची नुसती पीडीएफ घेऊ नये. हद्द पुन्हा दुरुस्त करता येईल अशी मूळ फाईल घ्यावी, आणि ती उघडून बदल करता येणारी गावातली दोन मुलं आधी तयार करावीत.