पक्ष्याच्या मागे धावू नका, बसा: पानगळीतली फोटोग्राफी

(तळ्याचा काठ. नुकतं उजाडलंय. बोलणारा जमिनीवर बसलेला, आवाज दबका.)

आवाज मुद्दाम हळू ठेवलाय. माझ्या डाव्या हाताला, साधारण पंधरा पावलांवर, एक धोबी पक्षी चिखलात चालतोय. शेपटी वर-खाली, वर-खाली, मध्येच एक धाव, टोच, परत शेपटी. मी इथे येऊन चाळीस मिनिटं झाली. आलो तेव्हा तो पार पलीकडच्या काठाला होता. मी जागचा हललेलो नाही, तोच खात खात इकडे आलाय.

आजचा व्हिडिओ खरं तर एवढ्यावरच आहे. पानगळीच्या दिवसांत पक्षी पाठलाग करून मिळत नाही, बसून मिळतो. हे असं का, ते आधी सांगतो, कॅमेऱ्याची सेटिंग्ज नंतर. सेटिंग्जसाठी आलेल्यांनी जरा दम धरा, कारण ‘का’ कळलं की अर्धी सेटिंग्ज आपोआप सुचतात.

उत्तर गोलार्धात सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि दक्षिणेत मार्च ते मे हे महिने स्थलांतराच्या धामधुमीचे. वीण उरकलेली असते, पिल्लं उडायला लागलेली असतात, आणि थंड मुलखातलं खाणं संपायच्या आत तिथून निघायचं असतं. बरेचसे लहान पक्षी हा प्रवास रात्री करतात. रात्री हवा थंड आणि शांत असते, ससाण्यांचा त्रासही कमी. पहाटे उतरतात तेव्हा भुकेने कासावीस झालेले असतात.

आता ही भूक काय असते ते बघा. उत्तर अमेरिकेत ब्लॅकपोल वॉर्बलर नावाचा चिमुकला पक्षी आहे, वजन जेमतेम १२ ग्रॅम. शरदात तो निघायच्या आधी खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतो आणि ईशान्य किनाऱ्यावरून थेट अटलांटिक महासागरावर झेपावतो. दोन-तीन दिवस, मध्ये कुठेही न टेकता, सुमारे २,५०० किलोमीटर, आणि मग कॅरिबियन बेटं. पाठीवर अर्ध्या ग्रॅमचं उपकरण बसवून संशोधकांनी हे सिद्ध केलं, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. २०२२ मध्ये तर पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू, वय सुमारे पाच महिने, अलास्काहून उडालं ते ११ दिवसांनी टास्मानियातच उतरलं. १३,५६० किलोमीटर. वाटेत खाणं नाही, पाणी नाही.

हे सगळं तुमच्या फोटोच्या संदर्भात सांगतोय. चिखलात टोचणारा जो पक्षी आपण ‘आणखी दोन पावलं पुढे जाऊन’ उडवतो, तो शिदोरी बांधत असतो. आपण उडवलं की त्याची तेवढी शिदोरी वाया. आणि आपल्याला काय मिळतं? शेपटीचा फोटो! माझ्याकडे एका हार्ड डिस्कवर पहिल्या दोन वर्षांचे फोटो आहेत. पक्षीशास्त्राच्या विद्यार्थ्याला शेपट्यांचा अभ्यास करायचा असेल तर उत्तम संग्रह आहे.

उलट भुकेलेला पक्षी न हलणाऱ्या माणसाची फारशी पर्वा करत नाही. त्यातही या वर्षी जन्मलेली पोरं. उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात जन्मलेल्या तुताऱ्या आणि चिखल्यांच्या, म्हणजे चिखलात टोचत खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या, पिल्लांनी माणूस आयुष्यात पाहिलेलाच नसतो. ती कधीकधी इतकी जवळ येतात की लेन्सला फोकस करता येत नाही.

(पडद्यावर दोन फोटो शेजारी: एक पिल्लू, एक प्रौढ.)

पिल्लू ओळखायचं कसं? पंख बघा. डावीकडच्याची पिसं कोरी करकरीत आहेत, प्रत्येक पिसाला फिकट काठ, त्यामुळे पाठीवर खवले मांडल्यासारखे दिसतात. उजवीकडच्या प्रौढाची पिसं विणीच्या धबडग्यात झिजलेली, कडा फाटक्या, रंग उडालेला. या दिवसांत देखणा फोटो हवा असेल तर पिल्लाचा काढा. पंचाईत बदकांची होते. ‘सगळ्या माद्याच दिसल्या’ असं लोक म्हणतात, त्यातले निम्मे नर असतात. वीण संपली की नर बदक भडक पिसं टाकून मादीसारखा मळकट पेहराव चढवतो. उडायची पिसंही एकदमच गळतात, काही आठवडे त्याला उडताच येत नाही. रंगीत नर हवे असतील तर पानगळीच्या उत्तरार्धापर्यंत थांबा.

बरं, बसायचं तर कुठे?

मी जागेवर पोचलो की आधी सूर्य बघतो आणि मग वारा. सूर्य पाठीशी हवा, हे सगळे सांगतात. वाऱ्याचं कुणी सांगत नाही. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो. म्हणजे वाराही माझ्या पाठीकडून येत असेल, तर उतरणारा प्रत्येक पक्षी माझ्याकडे तोंड करून उतरणार आणि उडणारा माझ्या दिशेने उडणार. सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी, अशी सकाळ मिळाली तर त्या दिवशी बाकी कामं पुढे ढकला.

मग खाणं शोधायचं. ओल्या चिखलाची कड, पिकल्या फळांनी लगडलेलं झुडूप, वाळलेल्या बोंडांचं रान. फळांच्या झुडपापाशी तर नुसतं बसून राहा. पक्षी येतो, दोन फळं गिळतो, जवळच्या फांदीवर जाऊन पचवतो, परत येतो. ती ‘जवळची फांदी’ कुठली हे दहा मिनिटांत कळतं. तिच्यावर फोकस लावून ठेवायचा. फांदीच्या मागची झाडी जितकी लांब, तितकी ती फोटोत मऊ होऊन विरघळते, आणि पानं पिवळी-तांबडी झालेली असतील तर मागे नुसता रंग उरतो.

आणि बसणं म्हणजे खरं तर झोपणं. पोटावर. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आली पाहिजे. उभ्याने काढलेल्या फोटोत धोब्याच्या मागे काय दिसतं? चिखल. झोपून काढलेल्या फोटोत मागे पलीकडचा काठ जातो, समोर पाण्याची एक चकाकती रेघ येते, आणि तो तीन बोटांएवढ्या उंचीवरून जग बघताना दिसतो. कपडे धुवावे लागतात, हे मान्य.

कपड्यांचं निघालंच आहे म्हणून सांगतो. छाप्याछाप्यांच्या जंगली कपड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पक्षी रंगापेक्षा हालचालीने बिचकतो. ब्रिटनमधले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ या कलेच्या आद्य मंडळींपैकी. १८९२ मध्ये त्यांनी घरट्याचा फोटो काढला. पुढे पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात शिरून फोटो काढले. मला त्यातलं पटतं ते एवढंच की चरणारा बैल फार हलत नाही. (थांबून, डावीकडे बघत) आता तो धोबी दहा पावलांवर आलाय. बघताय ना, मी हातसुद्धा हलवत नाहीये.

प्रकाशाकडे येऊ, कारण या ऋतूची खरी श्रीमंती तीच. ४५ अंश उत्तर अक्षांशाच्या ठिकाणी जूनमध्ये भर दुपारी सूर्य ६८ अंशांवर चढतो. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला, दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा, ४५ अंशांवर. नोव्हेंबर संपता संपता २३ अंशांच्या आसपास. उन्हाळ्यात नऊ वाजता कॅमेरा पिशवीत जातो, कारण डोळ्यावर भुवईची काळी सावली पडते. आता उजेड कडेने येतो, डोळ्यात ठिपका चमकतो, आणि सकाळचा चांगला वेळ लांबत जातो. मात्र कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा आपोआप सावरणारी सोय, हे सोनं दोष समजून पुसायला बघतो. तो ‘डेलाइट’वर टाका आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ फाइलमध्ये, काढा.

आता सेटिंग्ज. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद, चालत असेल तर १/१०००, उडताना १/२०००, आणि इवलासा चपळ पक्षी असेल तर १/३२००. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, लेन्स देईल तेवढं मोकळं, एफ ५.६ किंवा ६.३. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर, कमाल ६४०० पर्यंत सोडा. पहाटेच्या उजेडात कॅमेरा तिथपर्यंत जातोच, जाऊ द्या. फोटोतले दाणे आजकालची सॉफ्टवेअर निस्तरतात, हललेला डोळा कुणी निस्तरत नाही. सायलेंट, म्हणजे पडदा न हलवता फोटो घेणारं, शटर वापरत असाल तर उडत्या पक्ष्याचे पंख एकदा झूम करून बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, आणि तेवढ्यात पंख सरकतो, मग तो केळीच्या पानासारखा वाकडा येतो. तिथे मेकॅनिकल शटर बरं.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनवर, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ (अधिक) किंवा गडद (उणे) करायच्या चाकावर, मात्र जरा थांबू या, कारण इथे मी मार खाल्लाय. एका सकाळी दाट धुकं होतं. कॅमेऱ्याला समोर सगळं पांढरं दिसलं की तो आपणहून अंधार करतो, धुकं सिमेंटच्या रंगाचं येतं. म्हणून मी अधिक १.३ वर टाकलं, आणि फोटो सुंदर आले, दुधात विरघळलेली झाडं. सव्वाआठला धुकं विरलं, ऊन आलं, आणि समोर बगळा उतरला. मासा धरला, वर उडवला, झेलला. मी बोट दाबून ठेवलं. साठेक फोटो. घरी येऊन उघडले तर मासा दिसत होता, चोच दिसत होती, आणि त्यामागे कागद कापून चिकटवल्यासारखा एक पांढरा आकार. एका पिसाची रेघ नाही. ते अधिक १.३ तसंच राहिलं होतं. गडद पार्श्वभूमीवर उन्हातला बगळा असेल तर उलटं, उणे एक लागतं. आता मी दर अर्ध्या तासाने ते चाक हाताने चाचपतो, खिशातलं पाकीट चाचपतात तसं. जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू ठेवा.

दुसरी एक गोष्ट, जिच्यापायी लोक चांगली लेन्स विकायला काढतात. सगळं बरोबर, तरी लांबचा फोटो दरवेळी धूसर. थंड सकाळी उन्हाने चिखल तापतो, त्यावरची हवा लहरते, आणि लेन्स त्या लहरींमधून बघत असते. गाडीत हीटर लावून काच खाली करून काढलात तरी तेच होतं, आतली ऊब लेन्सच्या तोंडाशीच बाहेर पडत असते. हीटर बंद करा, गाडी गार होऊ द्या. लांबच्याचा नाद सोडा, जवळ येईल त्याचा काढा.

पक्षी नाही आला तर पानं आहेतच. पानातलं हरितद्रव्य मोडू लागलं की आधीपासून दडलेला पिवळा उघडा पडतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत ऐनवेळी नव्याने तयार होतो, आणि उजळ दिवस, गार पण न गोठवणाऱ्या रात्री असल्या की तो जास्त खुलतो. एकच पान घ्या, सूर्याच्या बाजूला धरल्यासारखं, म्हणजे प्रकाश पानातून येईल. शिरांच्या कडेला हिरवा अजून तग धरून असतो, मधल्या चौकटी पिवळ्या पडलेल्या, आणि किड्याने पाडलेल्या भोकाच्या कडेला तपकिरी किनार. भोकाचं पान टाकून देऊ नका. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) काढतो आणि रंग गडद होतो, पण तो एक-दोन स्टॉप उजेड खातो, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. पक्षी आला की काढून ठेवा.

पक्ष्याची नाराजी ओळखायलाही शिका. खाणं थांबलं, मान ताठ झाली, अंग आवळून बारीक झालं, की तुम्ही जास्त जवळ आहात. तसेच सावकाश मागे सरका. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं मला अजिबात मान्य नाही, स्थलांतराच्या दिवसांत तर नाहीच. आणि घुबडाची दिवसाची झोपायची जागा सापडली तर ती नकाशावर टाकू नका.

आता मी उठणार, तेही हळू. शेवटचं काम घरी गेल्यावर आहे. गार पडलेला कॅमेरा उबदार खोलीत उघडलात की काचेवर दव धरतं, कधी आतूनसुद्धा. म्हणून बाहेर असतानाच तो पिशवीत घालून चेन घट्ट लावा आणि घरात तासभर तसाच ठेवा. कार्ड मात्र आधीच काढून खिशात टाका. ते आत राहिलं की तो तासभर कुणालाच धीर निघत नाही, वीस मिनिटांत पिशवी उघडली जाते.